लोकप्रियतेचा आकडा आणि इतिहासाचा कौल

महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या भिंतींवर एक पत्र चौकटीत लावलेले आढळते. अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले पत्र म्हणून ते सर्वपरिचित आहे. कविवर्य वसंत बापट यांच्या मराठी रूपांतरामुळे ते घराघरांत पोहोचले आणि शिक्षकदिनाच्या भाषणांत, शाळांच्या निरोपसमारंभांत वर्षानुवर्षे वाचले गेले. वस्तुस्थिती मात्र अशी की, हे पत्र लिंकन यांनी लिहिल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. त्यांच्या संग्रहित लेखनात ते आढळत नाही. तरीही हे पत्र लिंकन यांचेच असले पाहिजे, असे वाचणाऱ्याला मनोमन वाटते. हेच पत्र त्यांच्या लगतपूर्वीचे अध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांच्या नावावर कोणी खपवू पाहिले असते, तर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

लिंकन यांच्या देशात घडलेल्या परिवर्तनाविषयी मराठी मनाला वाटणारा हा आदर आजचा नाही. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा लिंकन यांच्या हत्येला अवघी आठ वर्षे झाली होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली पदभार स्वीकारल्यापासून आजवर ४५ व्यक्तींनी अमेरिकेचे अध्यक्षपद भूषविले. त्यांतील बहुतेकांची नावे आज खुद्द अमेरिकी नागरिकालाही आठवत नाहीत. मग मोजक्याच काही जणांना लोकांच्या मनात आणि इतिहासकारांच्या लेखी उच्च स्थान का मिळते? ते अढळ का राहते? लोकशाहीत राहणाऱ्या कोणत्याही समाजाने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. कारण आपण नेत्यामध्ये काय शोधतो, हेच त्याच्या उत्तरातून उघड होते.

अमेरिकेत अध्यक्षांचे मूल्यमापन दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग जनमत चाचण्यांचा. गॅलप संस्थेने १९३० च्या दशकात ही पद्धत रूढ केली आणि तेव्हापासून प्रत्येक अध्यक्षाच्या कामगिरीला किती टक्के लोकांची पसंती आहे, याची नोंद होत आली. दुसरा मार्ग अभ्यासकांच्या क्रमवारीचा. १९४८ साली इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (ज्येष्ठ) यांनी ५५ अभ्यासकांची मते घेऊन 'लाइफ' या नियतकालिकात अशी पहिली गाजलेली क्रमवारी प्रसिद्ध केली. १९६२ साली त्यांनी ७५ अभ्यासकांना विचारून तोच प्रयोग पुन्हा केला. पुढे सी-स्पॅन या दूरचित्रवाहिनीने २०००, २००९, २०१७ आणि २०२१ या वर्षी दहा निकषांवर अध्यक्षांना गुण देण्याचा उपक्रम राबविला. संकटकाळातील नेतृत्व, नैतिक अधिकार, आर्थिक व्यवस्थापन, संसदेशी संबंध, सर्वांना समान न्याय मिळावा यासाठीचे प्रयत्न अशा निकषांचा त्यात समावेश होता. या साऱ्या पाहण्यांत पहिल्या तीन जागा लिंकन, वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याच राहिल्या आहेत. तिघांचा आपसातील क्रम कधीमधी बदलला, एवढेच.

हे दोन मार्ग पुष्कळदा परस्परविरोधी निकाल देतात, आणि विचार करावयाचा तो नेमका येथे.

आपल्या काळात लिंकन लोकप्रिय होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १८६० च्या निवडणुकीत त्यांना ४० टक्क्यांहूनही कमी मते मिळाली होती. दक्षिणेतील अनेक राज्यांत तर मतपत्रिकेवर त्यांचे नावही नव्हते. ४ मार्च १८६१ रोजी त्यांनी शपथ घेतली, त्यापूर्वीच सात राज्ये संघराज्यातून फुटून निघाली होती. विरोधक त्यांची वानराशी तुलना करीत, स्वपक्षीय त्यांना दुबळे समजत आणि यादवी युद्धातील मृतांच्या याद्या दररोज लांबत होत्या. १८६४ च्या उन्हाळ्यात पराभव त्यांना समोर दिसत होता. २३ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांनी एक टिपण लिहिले, कागदाची घडी घालून तो बंद केला आणि मजकूर न दाखवताच मंत्र्यांच्या त्यावर सह्या घेतल्या. आपण पुन्हा निवडून येण्याची शक्यता फारच कमी आहे. तसे झाल्यास निवडणूक आणि नव्या अध्यक्षाचा शपथविधी यांमधील काळात नव्या अध्यक्षाशी सहकार्य करून संघराज्य वाचविणे हे आपले कर्तव्य राहील, असा त्या टिपणाचा आशय होता.

त्याच महिन्यात त्यांच्या पक्षातील वजनदार मंडळी त्यांना सुचवीत होती की, गुलामगिरी नष्ट करण्याचा आग्रह सोडावा आणि केवळ संघराज्याच्या अटीवर तहाची बोलणी लावावी. तसे केले असते, तर काही मते निश्चित वाढली असती. लिंकन यांनी ते केले नाही. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिजाहीरनाम्यावर विश्वास ठेवून सैन्यात दाखल झालेल्या कृष्णवर्णीयांना दिलेला शब्द मोडणे त्यांना मान्य नव्हते. पुढे २ सप्टेंबर रोजी अटलांटा शहर पडले, वारे फिरले आणि ते पुन्हा निवडून आले. पण आजचे त्यांचे स्थान नोव्हेंबरमधील त्या विजयापेक्षा ऑगस्टमधील त्या निश्चयावर अधिक उभे आहे. पराभव अटळ दिसत असताना जो आपले तत्त्व विकत नाही, त्याचाच शब्द पुढच्या पिढ्यांना प्रमाण वाटतो.

वॉशिंग्टन यांचा मोठेपणा वेगळ्या जातीचा आहे. ते दोन्ही वेळा एकही विरोधी मत न पडता निवडले गेले. लोकप्रियता गमावण्याचे भय त्यांना नव्हते. त्यांच्यासमोर होता तो सत्तेचा मोह. विजयी सेनापतीने सिंहासन बळकवावे, हा जगाचा तोवरचा रिवाज होता. वॉशिंग्टन यांनी २३ डिसेंबर १७८३ रोजी सेनापतिपदाचा राजीनामा लोकप्रतिनिधींच्या हाती सोपविला आणि ते आपल्या शेतीकडे परतले. पुढे अध्यक्ष झाल्यावर १७९६ साली निरोपाचे निवेदन प्रसिद्ध करून त्यांनी तिसऱ्या कार्यकाळास नकार दिला. तेव्हा अध्यक्षाच्या कार्यकाळांवर कायद्याचे कोणतेही बंधन नव्हते. त्यांनी घालून दिलेली दोन कार्यकाळांची प्रथा १९४० पर्यंत पाळली गेली आणि १९५१ साली २२ व्या घटनादुरुस्तीने तिला कायद्याचे रूप मिळाले. सत्ता मिळविणारे इतिहासात पुष्कळ झाले. ती वेळेवर सोडून एक परंपरा निर्माण करणारे विरळा.

ही प्रथा मोडणारे फ्रँकलिन रूझवेल्टही याच त्रयीत आहेत, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. १९३३ च्या मार्चमध्ये ते पदावर आले, तेव्हा देशातील सुमारे एक चतुर्थांश कामगार बेकार होते आणि बँकांवरील विश्वास पार उडाला होता. १२ मार्च रोजी त्यांनी आकाशवाणीवरून राष्ट्राशी संवाद साधला. बँकेत ठेवलेल्या पैशाचे पुढे काय होते, बँका का बंद केल्या आणि त्या कशा उघडतील, हे त्यांनी शेतकऱ्यालाही उमजेल अशा भाषेत सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, तेव्हा काढून नेलेली रक्कम परत भरण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. वयाच्या ३९ व्या वर्षी पोलिओने पाय निकामी झालेल्या या माणसाने खचलेल्या राष्ट्राला उभे केले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतनाचा आधार दिला. तो कायदा आज सुमारे नऊ दशकांनंतरही टिकून आहे. ज्या संस्था निर्मात्याच्या पश्चात टिकतात, त्या त्याचे स्मारकच असतात. चौकाचौकांतील पुतळ्यांची त्याला गरज पडत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो. युद्ध किंवा महामंदी वाट्याला आली म्हणून हे लोक मोठे ठरले; शांततेच्या काळात तेही विस्मृतीत गेले असते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. दक्षिणेतील राज्ये फुटू लागली, तेव्हा लिंकन अद्याप पदावर आलेही नव्हते. सत्ता ब्युकॅनन यांच्या हाती होती. राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, पण त्यांना बळाने रोखण्याचा अधिकार आपल्यालाही नाही, अशी भूमिका घेऊन ते हातावर हात ठेवून बसले. सी-स्पॅनच्या २०२१ च्या क्रमवारीत त्यांचा क्रमांक ४४ वा, म्हणजे शेवटचा आहे. महामंदीही रूझवेल्ट यांच्यापूर्वी हर्बर्ट हूव्हर यांच्या वाट्याला आली होती. हूव्हर हे कर्तबगार प्रशासक होते आणि त्यांनी काहीच केले नाही असेही नाही. पण केंद्र सरकारने गरजूंना थेट साहाय्य करण्यास त्यांचा तात्त्विक विरोध होता आणि लोकांना धीर देणे त्यांना जमले नाही. संकट दोघांसमोर एकच होते. टाकीचे घाव दोन्ही दगडांवर पडले. मूर्ती एकातूनच घडली.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण हॅरी ट्रुमन यांचे आहे. रूझवेल्ट यांच्या निधनानंतर एप्रिल १९४५ मध्ये ते अध्यक्ष झाले, तेव्हा गॅलपच्या चाचणीत त्यांना ८७ टक्के लोकांची पसंती होती. फेब्रुवारी १९५२ मध्ये ती २२ टक्क्यांवर घसरली. या घसरणीमागे कोरियाचे रेंगाळलेले युद्ध, महागाई आणि भ्रष्टाचाराचे आरोप होतेच. पण त्यात एका निर्णयाचाही मोठा वाटा होता. ११ एप्रिल १९५१ रोजी त्यांनी जनरल डग्लस मॅकआर्थर यांना पदावरून दूर केले. मॅकआर्थर हे दुसऱ्या महायुद्धाचे महानायक. कोरियातील युद्ध चीनपर्यंत नेण्याचा आग्रह ते उघडपणे धरीत होते आणि अध्यक्षांच्या धोरणाला जाहीर आव्हान देत होते. मायदेशी परतताच त्यांचे न्यूयॉर्कमध्ये अभूतपूर्व स्वागत झाले. ट्रुमन यांच्या प्रतिमा मात्र जाळल्या गेल्या. सेनापती कितीही पराक्रमी असला, तरी तो लोकनियुक्त सत्तेच्या अधीन असतो, हे लोकशाहीचे मूलतत्त्व राखण्यासाठी ट्रुमन यांनी स्वतःची लोकप्रियता पणाला लावली. त्याआधी २६ जुलै १९४८ रोजी, निवडणूक तोंडावर असताना आणि दक्षिणेतील स्वपक्षीय मतदार दुखावणार हे स्पष्ट दिसत असताना, त्यांनी सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा आदेश काढला होता. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पश्चिम युरोपची मार्शल योजनेद्वारे पुनर्बांधणी आणि १९४९ ची नाटो संघटना हीदेखील त्यांच्याच काळातील कामे.

ट्रुमन पदावरून उतरले आणि मिसुरी राज्यातील इंडिपेन्डन्स या आपल्या गावी परतले. माजी अध्यक्षांना तेव्हा निवृत्तिवेतनही नव्हते; तो कायदा १९५८ साली झाला. २२ टक्क्यांचा तो नीचांक नोंदवला गेल्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १९६२ च्या पाहणीत अभ्यासकांनी त्यांना नववे स्थान दिले. २०२१ मध्ये ते सहाव्या स्थानी होते. लोकांचा राग निवळला. निर्णयांची फळे तेवढी मागे उरली.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. आखाती युद्धातील विजयानंतर १९९१ साली थोरल्या बुश यांना ८९ टक्के पसंती होती. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. त्यांच्या पुत्राला २००१ च्या सप्टेंबरमध्ये ९० टक्के पसंती मिळाली आणि २००८ मध्ये ती २५ टक्क्यांपर्यंत खाली आली. रिचर्ड निक्सन यांनी १९७२ ची निवडणूक ५० पैकी ४९ राज्ये जिंकून मारली. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बंगालच्या उपसागराकडे आरमार धाडणारे हे अध्यक्ष भारतीयांच्याही चांगलेच स्मरणात आहेत. त्यांच्या चीनभेटीचे महत्त्व आजही मानले जाते. परंतु वॉटरगेट प्रकरणात कायद्याला बगल देण्याचा त्यांचा प्रयत्न उघड झाला आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांना पद सोडावे लागले. प्रचंड बहुमत हा सचोटीला पर्याय ठरू शकला नाही.

जॉन केनेडी यांचे उदाहरण मात्र या चौकटीत सहज बसत नाही. ते तीन वर्षेही पदावर नव्हते. १९६० ची निवडणूक त्यांनी सव्वा लाखाहूनही कमी मतांच्या फरकाने जिंकली होती. तरीही २०२३ च्या गॅलप पाहणीत, मागे वळून पाहताना, ९० टक्के अमेरिकी नागरिकांनी त्यांच्या कारकिर्दीला पसंती दिली. ही केवळ हौतात्म्याची पुण्याई आहे, असे अनेक जण मानतात. पण १८८१ मध्ये जेम्स गारफिल्ड आणि १९०१ मध्ये विल्यम मॅकिन्ली यांचीही हत्या झाली होती. त्यांचे स्मरण आज कितीजणांना आहे? केनेडी यांनी एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातील फसलेल्या स्वारीची जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली आणि त्यांची लोकप्रियता घटण्याऐवजी ८३ टक्क्यांवर गेली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर असताना, तत्काळ हल्ल्याचा आग्रह धरणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना त्यांनी थोपविले. त्याच आठवड्यांत चीनने भारतावर आक्रमण केले, तेव्हा भारताला शस्त्रसाहाय्य पाठविण्यासही ते कचरले नाहीत. चंद्रावर मानव उतरविण्याचा त्यांनी १९६१ साली केलेला संकल्प त्यांच्या मृत्यूनंतर, १९६९ साली सिद्धीस गेला. लोकांच्या मनात राहिला तो हा आत्मविश्वास. इतिहासकार अधिक काटेकोर असल्याने ते व्हिएतनाममध्ये वाढत गेलेला हस्तक्षेपही मोजतात आणि त्यांना आठव्या स्थानी ठेवतात. लोकप्रियता आणि क्रमवारी यांतील अंतर असे पडते.

केनेडींच्या मागून आलेले लिंडन जॉन्सन याची दुसरी बाजू दाखवितात. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा त्यांनी मंजूर करवून घेतला. त्यांच्याच १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने देशावर आधारलेला जुना कोटा रद्द केला आणि भारतीयांसाठी अमेरिकेचे दार उघडले. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आज जी मराठी मंडळे गणेशोत्सव साजरा करतात, त्यांची मुळे या कायद्यापर्यंत पोहोचतात. तरीही व्हिएतनामच्या दलदलीत पाच लाखांहून अधिक सैनिक उतरविणारे अध्यक्ष म्हणूनही जॉन्सन यांची नोंद आहे. २०२१ मध्ये त्यांना अकरावे स्थान मिळाले. इतिहासाच्या खतावणीत जमा आणि खर्च ही दोन्ही पाने असतात.

थोरामोठ्यांचेही खर्चाचे पान कोरे नाही. वॉशिंग्टन गुलामांचे मालक होते. त्यांच्या मुक्तीची तरतूद त्यांनी केली ती मृत्युपत्रात. लिंकन यांच्या संमतीने डिसेंबर १८६२ मध्ये ३८ डकोटा आदिवासींना एकाच दिवशी फासावर चढविण्यात आले. अर्थात लष्करी न्यायालयाने दोषी ठरविलेल्या तीनशेहून अधिक जणांपैकी बहुतेकांची फाशी त्यांनीच टाळली, हेही तितकेच खरे. रूझवेल्ट यांनी १९४२ साली सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्याचा मार्ग मोकळा केला. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. या अन्यायाबद्दल राष्ट्राने १९८८ साली रोनाल्ड रेगन यांच्या स्वाक्षरीने क्षमा मागितली आणि हयात पीडितांना प्रत्येकी २० हजार डॉलर भरपाई दिली. दुरून डोंगर साजरे दिसतात हे खरे. पण अमेरिकी अभ्यासकांनी डोंगर चढून दऱ्याही मोजल्या आहेत. ही शिखरे त्यानंतरही उंच भरली, म्हणून त्यांच्या उंचीला किंमत.

क्रमवारीतील बदल याच दृष्टीने पाहावे लागतात. १९६२ मध्ये ३१ अध्यक्षांत आयझेनहॉवर यांना २२ वे स्थान होते. २०२१ मध्ये ते पाचवे ठरले. कागदपत्रे खुली झाल्यावर लक्षात आले की, गोल्फ खेळणारा सुखवस्तू म्हणून हिणवलेला हा माणूस पडद्याआडून राज्यशकट कुशलतेने हाकत होता. युलिसिस ग्रँट २००० मध्ये ३३ वे होते, २०२१ मध्ये २० वे झाले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी त्यांनी कू क्लक्स क्लानविरुद्ध केलेल्या कारवाईचे मोल नव्या पिढीला कळले. उलट, सरकारी कार्यालयांत वर्णभेद वाढू देणारे वुड्रो विल्सन सहाव्या स्थानावरून तेराव्यावर घसरले आणि १८३० च्या कायद्याने आदिवासींना त्यांच्या भूमीतून हुसकावणारे अँड्र्यू जॅक्सन १३ वरून २२ वर आले. अभ्यासकही आपल्या काळाचेच अपत्य असतात आणि त्यांचेही पूर्वग्रह असतात. अलीकडच्या अध्यक्षांविषयीची मते तर पक्षनिष्ठेनुसार इतकी दुभंगलेली आहेत की, त्यांच्यावर निकाल देण्याची घाई न करणेच शहाणपणाचे. ट्रुमन यांच्यावरचा निकाल १९५२ मध्येच लावून टाकला असता, तर केवढी मोठी चूक झाली असती!

या साऱ्याचे सार काढावयाचे झाल्यास असे म्हणता येईल की, टिकाऊ कीर्ती लाभलेल्या अध्यक्षांनी पद हे साधन मानले आणि स्वतःपेक्षा मोठ्या गोष्टीसाठी ते वापरले. कोणी संघराज्य वाचविले, कोणी सत्तेला मर्यादा घालून दिली, कोणी खचलेल्यांना उभे केले, कोणी सेनेवरील लोकसत्तेचा अधिकार राखला. त्यासाठी जी किंमत द्यावी लागली, ती त्यांनी मुकाट्याने चुकती केली. चुकले तेथे इतिहासाने त्यांना सोडले नाही.

परंतु ही जबाबदारी एकट्या नेत्याची नसते. १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये लिंकन यांना मत देणाऱ्यांत असे असंख्य जण होते, ज्यांच्या घरातील कोणी ना कोणी रणांगणावर कामी आले होते. तह करून मोकळे व्हा, असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणालाच नव्हता. त्यांनी तसे म्हटले नाही. कटू सत्य सांगणाऱ्याला उभे राहता येईल एवढी जागा जो समाज राखतो, त्यालाच लिंकन लाभतात. शाळेच्या भिंतीवरचे ते पत्र लिंकन यांचे नसेलही; पण त्यातील मूल्ये ज्या घराघरांत जपली जातील, तेथील मतदाराला लोकप्रिय नेता आणि थोर नेता यांतील फरक वेळेत ओळखता येईल.